वर्गात बसलेला बाप

पालकसभेत निळ्या स्वेटरमधल्या एका बाईंनी विचारलं, "सर, उत्तर चुकलं पण पायऱ्या बरोबर असल्या तर मार्क मिळतात ना?" आणि तो ताडकन उभा राहून म्हणाला, "मिळतात. प्रत्येक पायरीला मिळतात. फक्त पायरी गाळायची नाही आणि खाडाखोड करायची नाही." चांगला खणखणीत आवाज लागला होता, सगळ्या वर्गाला पुरेल असा. बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण फळ्यापाशी नाही. आपण मागच्या एका बाकावर मुलीशेजारी बसलो होतो, उठताना गुडघा बाकाला लागलाय, आणि फळ्यापाशी भलताच माणूस उभा आहे, ज्याला हा प्रश्न विचारला होता. झालं! सगळ्या पालकांच्या माना मागे वळल्या. कोणीतरी खुदकन हसलं. मुलगी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली, जी सुटलेलीच नव्हती. नव्या सरांनी मात्र खडू हातातल्या हातात फिरवत हसून म्हटलं, "अगदी बरोबर. सरांनी सांगितलंच आहे, आता मी वेगळं काय सांगू?" पुन्हा सगळे हसले, या वेळी मोकळेपणाने, आणि तो खाली बसला. तो माणूस चिडला असता, कपाळाला नुसती आठी घातली असती, तरी चाललं असतं. पण नाही. त्याने याला सांभाळून घेतलं. याच्याच वर्गात, याच्याच फळ्यासमोर, त्या काल आलेल्या पोराने याला सांभाळून घेतलं, आणि हे काही केल्या त्याच्या घशाखाली उतरेना.

पोर म्हणजे अगदीच पोर नव्हे. तिशीचा असेल. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस जरा वाढलेले, आवाज मऊ. इतक्या मऊ आवाजाने चाळीस मुलं कशी आवरत असेल देव जाणे. आवरत नसेलच. ऐकून होता तो, या वर्गातून हल्ली फार आवाज येतो म्हणे. त्याच्या काळात या वर्गाबाहेरून जाणाऱ्याला आत मुलं आहेत हेसुद्धा कळत नसे. खडूचा आवाज तेवढा. आणि त्याचा स्वतःचा. किती वर्षं या खोलीत त्याने गणित शिकवलं! दुसऱ्या खिडकीची कडी लागत नसे म्हणून त्याने ती तारेने बांधून ठेवली होती. आता तिथे नवी कडी होती, चकचकीत. सांगून सांगून त्याची जीभ झिजली होती तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि हा आला नाही तोच कडी बसली. आता कडी काय त्या माणसाने स्वतःच्या हाताने बसवली होती? शाळेने रंगकाम काढलं त्यात बसली असेल. हे त्यालाही कळत होतं. पण पोटात दुखायला लागलं की माणूस कडीवरूनही दुखून घेतो.

शाळा त्याने हौसेने सोडली नव्हती. बायको एका प्रयोगशाळेत काम करायची, आणि दोघांच्या पगारात घर बरं चाललं होतं. मग तिच्या आईला झटका आला, उजवी बाजू गेली, आणि आतल्या खोलीत कायमचा पलंग लागला. बायकोने नोकरी सोडली. कोणीतरी सोडायलाच हवी होती, आणि तिची आई म्हटल्यावर तिने. तोपर्यंत त्याला आपला पगार लहान आहे हे ऐकून माहीत होतं. आता तो रोज दिसायला लागला. एक जुना शेजारी लिफ्टच्या कंपनीत होता. तो म्हणाला, "आमच्याकडे तक्रारींच्या टेबलावर माणूस हवाय. तुझ्यासारखा आवाज हवाय रे, लोकांना वाटलं पाहिजे की या माणसाला सगळं कळतं." तर असा तो आवाज विकला गेला. वर्षाच्या मध्यावर, मुलं अपूर्णांकांतून बीजगणितात पाऊल टाकत असताना, त्याने राजीनामा दिला. निरोपाच्या वेळी एक पेन मिळालं आणि मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "तुमची जागा भरून निघणार नाही." त्याने त्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवला होता.

नवं काम वाईट नव्हतं. तळमजल्यावरची लांबट खोली, भिंतीवर शहराचा नकाशा, त्यावर इमारतींच्या जागी टाचण्या. लिफ्ट कुठे अडकली की आत बसवलेल्या फोनवरून माणूस थेट त्याच्याशी बोलायचा. मेकॅनिक पोचेपर्यंत त्याला धरून ठेवणं, हे काम. "घाबरू नका. हवा येते आत, भरपूर येते. दाराला हात लावू नका. खाली बसा, पाठ टेका. मी आहे फोनवर, कुठेही जात नाही." मेकॅनिक त्याला मास्तर म्हणायचे. "मास्तर असले की अडकलेला माणूस बाहेर यायलाच तयार नसतो," असं एकाने चहा पिताना म्हटलं होतं आणि सगळे फिदीफिदी हसले होते. एकदा बायकोने त्याला डबा नेऊन दिला तेव्हा तो असाच कुणा बाईंशी बोलत होता. बायको दारात उभी राहून ऐकत राहिली. नंतर म्हणाली, "हा आवाज कुठे ठेवला होतास रे इतकी वर्षं?" तो म्हणाला, "पगारात मिळालाय." पण ते त्याच्या मनात राहिलं. आणि अलीकडे त्याला एक खेळ सुचला होता, सांगायलाही लाज वाटावी असा. नवे सर लिफ्टमध्ये अडकलेत. दिवा गेलाय. ते मऊ आवाजात फोनवर विचारताहेत, कोणी आहे का? आणि हा टेबलावर कोपर टेकून, शांतपणे, चहा संपवतोय. मेकॅनिक पाठवायचा होता त्याला, नाही असं नाही. पण चहा संपल्यावर.

कारण घरात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. जेवायला बसलं की सुरू. आमचे सर असं म्हणाले, आमच्या सरांनी तसं केलं. 'आमचे सर'! आठवीतली मुलगी, याच वर्गात, याच खोलीत अर्धं वर्ष त्याच्या हाताखाली शिकली, आणि तेव्हा जेवताना एका शब्दाने गणिताचं नाव काढलं नाही. घरी ती त्याला 'बाबा, तू' म्हणायची. शाळेत 'सर, तुम्ही' म्हणायला हवं होतं. तिने यावर तोड काढली होती. शाळेत ती त्याला काहीच म्हणायची नाही. तो समजूतदारपणा आहे असं वाटून तेव्हा त्याला बरंसुद्धा वाटलं होतं. आणि आता बघा, आमटीत हात तसाच ठेवून तोंडाचा पट्टा. "सर मुद्दाम चुकतात फळ्यावर. चूक पकडायची आणि मग पुढे येऊन सांगायचं, का चुकलं ते." तो म्हणाला, "मुद्दाम चुकतो कशावरून? येतच नसेल." मुलगी खो खो हसली. "येतं रे बाबा त्यांना!" आणि त्या हसण्यात त्याच्याविषयी जरासुद्धा शंका नव्हती, राग नव्हता, काही नव्हतं. तिच्या हे गावीही नव्हतं की बापाचा तिळपापड होतोय. बायकोच्या मात्र होतं. ती भाजी वाढताना म्हणाली, "घे अजून थोडी, आंबट झालीय का? तोंड तसं दिसतंय तुझं."

शेवटी त्याने एक गणित काढलं. ठेवणीतलं. शाळेत असताना बदली शिक्षक फार मिजास करायला लागले की त्यांच्या टेबलावर सहज म्हणून ठेवायचा, ते. दिसायला साधं, दोन पाण्याच्या टाक्या, एक भरतेय, एक रिकामी होतेय, आणि मध्ये एक अट अशी की भलेभले घसरतात. मुलीला म्हणाला, "तुमच्या सरांना विचार बरं हे. गंमत म्हणून." तिने नेलं. त्या दिवशी टेबलावर बसल्या बसल्या त्याला एक-दोनदा हसू फुटलं. संध्याकाळी तो नेहमीपेक्षा लवकर घरी पोचला. मुलगी दारातच. डोळे नुसते चमकताहेत. "बाबा, सरांना नाही आलं!" वा! त्याने चपला काढल्या, शांतपणे, घाई न करता. "असं? मग काय म्हणाले?" "म्हणाले, मला नाही येत, चला सगळे मिळून बघू. मग आम्ही सगळे फळ्यापाशी गेलो. मधली सुट्टी झाली तरी कोणी बाहेर जाईना. मग ती मागची मुलगी आहे ना, जी कधीच बोलत नाही, तिने सांगितलं ती अट उलटी वाचायची. आणि आलं! सर म्हणाले, कोणी आणलं हे गणित? मी म्हटलं, बाबांनी दिलं. तर म्हणाले, बाबांना सांग, फार मजा आली, अजून पाठवा." त्याने हातपाय धुतले. न्हाणीघरात नळ बराच वेळ चालू ठेवला. ते गणित त्याने कधीच वर्गात घातलं नव्हतं. मुलांना झेपणार नाही असं तो धरूनच चालला होता. आता ते त्या माणसाचं झालं. याने विष म्हणून पाठवावं आणि तिकडे त्याचं सरबत करून चाळीस पोरांनी प्यावं, म्हणजे मत्सर करायलासुद्धा नशीब लागतं!

हे सगळं त्या बाकावर बसून, गुडघा चोळत, त्याच्या मनात घोळत होतं. सभा संपली. पालक नव्या सरांभोवती जमले, मुलगीही त्या घोळक्यात शिरली, आणि शिपाई येऊन त्याला म्हणाला, "मॅडमनी बोलावलंय, सर." शिपायाने सर म्हटलं तेवढ्यानेही त्याला भरून आलं. मुख्याध्यापिका बाईंची खोली तशीच होती. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "नव्या सरांची मुदत या महिन्यात संपते. त्यांना कायम करायचं की नाही, मंगळवारी समितीत ठरायचंय. काही पालकांची तक्रार आहे. वर्गात गोंगाट फार. तुम्ही हा वर्ग सांभाळलाय, शिवाय मुलगी तिथेच आहे. तुमच्या शब्दाला समितीत वजन आहे. काय वाटतं तुम्हाला?" बाई पुढे म्हणाल्या, "आणि खरं सांगू? तुम्ही परत येणार असाल तर प्रश्नच मिटला. जागा तुमचीच आहे. पगाराचं मात्र माझ्या हातात काही नाही, तो होता तेवढाच." त्याला म्हणायचं होतं, येतो, उद्यापासून येतो. त्याच्या तोंडून निघालं, "गोंगाट असतो, हे खरं आहे. माझ्याही कानावर आलंय." बाईंनी मान हलवली. तेवढं टाकून मग तो म्हणाला, "मला सोमवारपर्यंत वेळ द्या." जिना उतरताना त्याला हलकं वाटत होतं, आणि या हलकेपणाची थोडी किळसही येत होती. खाली पटांगणात नवे सर त्याच्या मुलीला काहीतरी विचारत होते, ती हातवारे करून सांगत होती, आणि ते मान तिरकी करून ऐकत होते. स्वतःविषयी ती घरी कधी इतक्या हातवाऱ्यांनी सांगायची नाही. किळस पळाली. मघाशी एवढंच का बोललो, अजून चार शब्द का नाही घातले, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी बायको आईचे पाय दाबत होती. तो दारात टेकून उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. गोंगाटाचं सोडून. ती म्हणाली, "जायचंय तुला?" तो म्हणाला, "जमेल का ते सांग." "जमवायचं म्हटलं तर जमतं. आईकडे सकाळी येणारी बाई बंद करावी लागेल. मी करीन सकाळचंही. बाकी थोडं इकडे, थोडं तिकडे." तिने आईचा दुसरा पाय हातात घेतला. म्हातारी डोळे मिटून होती, पण ऐकत असावी. "माझी ना नाही. फक्त एक सांग. तुला शाळेत परत जायचंय, की त्या माणसाला तिथून घालवायचंय?" "म्हणजे काय? दोन्ही एकच झालं." "एक नाही झालं," बायको म्हणाली. "पहिल्यासाठी मी बाई बंद करीन. दुसऱ्यासाठी नाही करणार, हां." त्याला राग आला. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. समोरच्या इमारतीत दिवे लागत होते. त्याने स्वतःला वर्गात शिरताना पाहिलं. सगळे बाक एकदम सरकले, मुलं उभी राहिली, एका क्षणात शांतता. तो आवाज! बाक सरकल्याचा तो आवाज या जगात दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळतो? लिफ्टमधून सुटलेला माणूस तर फोन ठेवायलाही विसरतो. मनातल्या मनात तो वर्गभर फिरून आला. नव्या सरांना मात्र त्याने कुठे घातलं नाही. ते कुठे गेले असतील, त्यांच्या घरी किती माणसं, किती पगार, हे त्याने विचारात घेतलंच नाही. स्वतःच्या घरी एकच पगार असलेल्या माणसाला हे सुचू नये, कमाल आहे.

रविवारी सकाळी तो सायकलीची साखळी साफ करत बसला होता. मुलगी जिन्याच्या पायरीवर येऊन बसली. काळ्या झालेल्या फडक्याकडे बघत म्हणाली, "बाबा, तू शाळेत परत येणार आहेस?"

"कोण म्हणालं?"

"आई फोनवर मावशीला सांगत होती."

"बघू. आलो तर? आवडेल?" त्याने साखळीवरून नजर वर न काढता विचारलं.

तिने फडक्याचं एक टोक उचलून पाहिलं. मग अगदी साधेपणाने, पावाचा तुकडा मागावा तसं, म्हणाली, "मग मला 'ब' तुकडीत टाकायला सांगशील का मॅडमना?"

साखळीचं तेल त्याच्या मनगटावरून ओघळलं. "का गं?"

"तसं नाही. तू चांगलं शिकवतोस. सगळे म्हणतात." ती घाईघाईने म्हणाली. "पण तू माझ्याकडे बघतच नाहीस ना वर्गात. मी किती वेळा हात वर केला. तू शेजारच्या मुलीला विचारायचास. मग मी नाही केला परत. नवे सर बघतात."

"अगं, तसं नव्हे ते. मास्तर स्वतःच्या मुलीला पुढे करतात असं कोणी म्हणू नये..."

"माहितीये रे," ती म्हणाली. "मला माहितीये. म्हणूनच मी कधी काही म्हटलं नाही." आणि पायरीवरून उठून, त्याच्या पाठीवर एक थाप मारून ती वर गेली. अंगात राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. राग नव्हता. तिने त्याला समजून घेतलं होतं, केव्हाच, तो तिथे फळ्यासमोर उभा असतानाच, आणि समजून घेऊन ती गप्प बसली होती. तिच्याकडे न बघण्याचा त्याला केवढा अभिमान होता! शिक्षकांच्या खोलीत त्याने हे कितीदा सांगितलं होतं, माझी मुलगी माझ्या वर्गात असते पण मला ती दिसत नाही, मला चाळीस मुलं सारखी. सगळे माना डोलवायचे. चाळीस सारखी कुठे होती? एकोणचाळीस दिसत होती. आणि आता एक मऊ आवाजाचा परका माणूस येतो, आणि काही विशेष न करता, नुसता तिच्याकडे बघतो, आणि ती फुलते. याच्या घरातलं, याच्या ताटातलं, याने स्वतःच्या हाताने बाजूला काढून ठेवलेलं, ते त्या माणसाने उचललं. चोरीही म्हणता येईना. मत्सर कमी झाला असेल असं कोणाला वाटत असेल तर चूक आहे. उलट आता त्याला बूड मिळालं. आतापर्यंत तो जागेसाठी जळत होता, आता मुलीसाठी जळायला लागला. साखळी चढवताना ती दोनदा सटकली.

सोमवारी टेबलावर गर्दी होती. वाऱ्यामुळे एका भागातली वीज गेली होती. एक आजोबा सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये अडकले होते आणि त्यांना वाटत होतं की आपल्याला सगळे विसरले. "नाही आजोबा, कोणी विसरलेलं नाही. तुम्ही कुठे आहात ते मला बरोबर माहीत आहे. बसलात का खाली? पाठ टेका." आजोबा आपल्या नातीविषयी बोलायला लागले. तो ऐकत राहिला. मध्ये मध्ये 'मग?' म्हणत राहिला. मेकॅनिकने दार उघडल्याचा खडखडाट फोनमधून ऐकू आला, मग आजोबांचा रडवेला हसरा आवाज, आणि मग नेहमीप्रमाणे फोन तसाच लोंबकळत राहिला. त्याने आपल्या बाजूने लाइन बंद केली. तेवढ्यात त्याचा स्वतःचा मोबाइल वाजला. मुख्याध्यापिका बाई.

"काय ठरलं सर? उद्या समिती आहे."

"मी येत नाही, मॅडम." हे म्हणायला त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला. "त्यांना कायम करा."

"पण तुम्हीच म्हणालात ना, गोंगाट..."

"गोंगाट नाही तो. मुलं बोलतात." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "माझ्या वर्गात बोलत नव्हती."

"हे तुम्ही मनापासून म्हणताय ना सर? नंतर वाईट वाटायला नको."

"मनापासून नाही म्हणत," तो म्हणाला. "मनापासून विचाराल तर तो माणूस मला डोळ्यांसमोर नको आहे. पण खरं विचारलंत म्हणून खरं सांगतोय. समितीत माझं नाव घेऊन सांगा हवं तर."

"बरं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आभारी आहे." त्या फोन ठेवणार होत्या. त्याच्याच्याने राहवेना.

"आणि मॅडम, एक. ते फळा आडवा पुसतात. शनिवारी पाहिलं मी. कायम करायचं म्हणता आणि फळा पुसता येत नाही म्हणजे काय? वरून खाली पुसायचा असतो. आडवा पुसला की सगळी भुकटी पहिल्या बाकावर उडते. मुलांच्या नाकातोंडात जाते. एवढं तरी सांगा त्यांना. मी सांगितलं म्हणू नका."

बाईंना हसू आवरेना. "सांगते, सांगते. तुमची कन्या पहिल्याच बाकावर बसते, नाही का?"

"हो," तो म्हणाला. "आता बसते."